टेलिफोनच्या तारेवर कोणी ऐकत आहे काय?

गोष्ट ऑक्टोबर १९६४ मधील. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यास मुंबईत त्या काळी कॉरोनर म्हणत. हे पद त्या वेळी मलकानी यांच्याकडे होते. एका डॉक्टरांशी ते टेलिफोनवर बोलत होते आणि बोलणे पैशांविषयी होते. एका रुग्णाच्या मृत्यूच्या चौकशीत लाच मागितली जात आहे, अशी तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे गेलेली होती. त्यामुळे त्या विभागाच्या अधिकाऱ्यांनी डॉक्टरांकडील टेलिफोनला, डॉक्टरांच्या संमतीने, एक टेपरेकॉर्डर जोडून ठेवला होता. बोलणे फितीवर उतरले, खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २२ सप्टेंबर १९७२ रोजी न्यायालयाने ती फीत पुरावा म्हणून ग्राह्य धरली. ‘मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

वकिलांना या खटल्यात कायद्याचे प्रश्न दिसतात. आमच्यासारख्या पदार्थविज्ञान शिकविणाऱ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाजवळ उत्तम उपकरणे असती, तर पलीकडे यंत्र लावलेले आहे हे त्याला समजले असते काय? आणि एकूणच, आपल्या टेलिफोनवर कोणी चोरून ऐकत असेल तर ते मापून ओळखता येते काय? उत्तर ‘कधी होय, कधी नाही’ असे आहे. पण कधी होय आणि कधी नाही, हे ठरविण्यासाठी ओहमच्या नियमापेक्षा फारसे अधिक काही लागत नाही. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, कागद-पेन्सिल घेऊन बसा.

तांब्याच्या दोन तारांवर चालणाऱ्या टेलिफोनला घरची वीज लागत नाही. त्याला वीज एक्स्चेंजमधून मिळते. तेथे मोठमोठ्या बॅटऱ्या असतात आणि त्यांचा दाब ४८ व्होल्ट असतो. या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडतात आणि तारेवर ऋण ४८ व्होल्ट ठेवतात. असे उलटे का? जमिनीत पुरलेल्या केबलला ओल लागली की तांबे आणि माती यांच्यामध्ये विद्युत्‌विच्छेदन सुरू होते. त्यात धन टोकाचे तांबे झिजते, ऋण टोकाचे झिजत नाही. तारा वाचाव्यात म्हणून ही युक्ती.

रिसीव्हर जागेवर ठेवलेला असतो तेव्हा मंडल तुटलेले असते. प्रवाह शून्य, आणि तारांमधील दाब पूर्ण ४८ व्होल्ट. रिसीव्हर उचलला की मंडल पूर्ण होते आणि प्रवाह वाहू लागतो. समजा, तुमचे घर एक्स्चेंजपासून तीन किलोमीटरवर आहे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेच्या जोडीचा, जाऊन-येऊन, रोध एका किलोमीटरला साधारण १७३ ओहम असतो. तीन किलोमीटरचे झाले सुमारे ५२०. एक्स्चेंजमधील वेटोळ्यांचे ४०० आणि तुमच्या टेलिफोनचे २०० धरू. एकूण ११२० ओहम. ४८ ला ११२० ने भागले की प्रवाह येतो सुमारे ४३ मिलिअँपिअर. तुमच्या टेलिफोनच्या दोन टोकांमधील दाब होतो ०.०४३ गुणिले २००, म्हणजे ८.६ व्होल्ट. आपण बोलतो तेव्हा या स्थिर प्रवाहावर आवाजाच्या बारीक लाटा उमटतात. त्यांची कंप्रता सेकंदाला ३०० पासून ३४०० पर्यंत असते, तेवढीच टेलिफोन पुढे नेतो.

आता या तारेवर कान लावणाऱ्याचा विचार करू. ऐकायचे म्हणजे त्या लाटांमधील थोडीतरी ऊर्जा स्वतःकडे घ्यावी लागते. फुकट काही ऐकू येत नाही. मात्र किती घ्यायची हे ऐकणाऱ्याच्या हातात असते, आणि सगळा लपंडाव याच ‘किती’चा आहे.

त्याने आपले यंत्र तारेत एकसर बसविले, म्हणजे तार तोडून दोन टोकांमध्ये घातले, तर टेलिफोनचाच प्रवाह त्यातून जातो. अशा यंत्राला स्वतःची बॅटरी लागत नाही, तुमच्याच प्रवाहावर ते चालते. समजा त्याचा रोध १०० ओहम आहे. एकूण रोध १२२० झाला, प्रवाह ३९.३ मिलिअँपिअरवर आला. सुमारे साडेतीन मिलिअँपिअरची घट साध्या मल्टिमीटरवरही सहज दिसते. दुसरी पद्धत समांतर जोडणीची. यंत्राचा रोध जेवढा मोठा, तेवढा तो कमी प्रवाह खातो. दहा लाख ओहमचा रोध असेल तर रिसीव्हर खाली असताना फक्त ४८ मायक्रोअँपिअर झिरपतात आणि दाब अर्ध्या दशांश व्होल्टनेही कमी होत नाही. वाटेत एक कंडेन्सर घातला की स्थिर प्रवाह पूर्णच थांबतो. मग व्होल्टमीटरने दिवसभर मोजत बसलात तरी काही सापडणार नाही.

तिसरी पद्धत सर्वांत साधी आणि सर्वांत चलाख आहे. तारेला हातच लावायचा नाही. टेलिफोनमध्ये वेटोळी असतात, त्यांतून आवाजाचा प्रवाह गेला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जवळ दुसरे वेटोळे धरले की फॅरडेच्या नियमाप्रमाणे त्यात तोच आवाज प्रवर्तित होतो. रबरी चकतीने टेलिफोनला चिकटविण्याची अशी वेटोळी टेपरेकॉर्डरच्या काळात बाजारात मिळत. हेच गळणारे क्षेत्र ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्या उपयोगी पडते. अनेक श्रवणयंत्रांवर ‘टी’ अक्षराची एक खूण असते. ती निवडली की श्रवणयंत्रातील वेटोळे टेलिफोनचा आवाज थेट चुंबकीय क्षेत्रातून उचलते. एकच भौतिकी, एकाला कान देते आणि दुसऱ्याला चोरकान. लांबच्या केबलमध्ये मात्र हे जमणे कठीण, कारण तेथे जोडीतील दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. त्यांतून प्रवाह उलट दिशांनी वाहतात, त्यामुळे त्यांची क्षेत्रे बाहेर एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, निदान पहिली पद्धत तरी पकडता येते ना? प्रवाह मोजला, साडेतीन मिलिअँपिअर कमी आला, चोर सापडला. तसे नाही. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के. आमच्या मावळात डिसेंबरच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी तापमानात २५ अंशांचा फरक पडणे ही नवलाची गोष्ट नाही. खांबांवरून गेलेल्या तारेचा ५२० ओहमचा रोध त्याने सुमारे ५१ ओहमनी वाढतो, आणि प्रवाह ४३ वरून ४१ मिलिअँपिअरवर येतो. म्हणजे नुसत्या उन्हाने अर्ध्याहून अधिक चोर उभा केला!

पावसाचे तर विचारूच नका. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. खाली तळेगाव-आंबीकडे तो पुष्कळ कमी होतो, तरी जुलैत भिंतींना ओल येतेच. केबलच्या सांध्यात पाणी शिरले की दोन तारांमध्ये गळती सुरू होते. ती एक लाख ओहमची धरली तर रिसीव्हर खाली असतानाही ४८० मायक्रोअँपिअर प्रवाह झिरपतो. वरच्या दहा लाख ओहमच्या चोरयंत्रापेक्षा हा दहापट आहे. एका ओल्या सांध्याआड अशी दहा यंत्रे दडून बसू शकतात आणि मीटरला त्यांचा पत्ता लागणार नाही.

यातला आणखी एक बारकावा मला फार आवडतो. वर्गात सांगितला की मुले क्षणभर गप्प होतात. जुन्या काट्याच्या मल्टिमीटरवर ‘२०,००० ओहम प्रति व्होल्ट’ असे छापलेले असते. तो ५० व्होल्टच्या पट्टीवर लावला की त्याचा स्वतःचा रोध होतो २०,००० गुणिले ५०, म्हणजे बरोबर दहा लाख ओहम. चोरयंत्र शोधायला आपण तारेवर जे उपकरण लावले, ते तारेच्या दृष्टीने त्या चोरयंत्रासारखेच आहे! तारेला हेतू कळत नाही. आजचे अंकदर्शी मीटर एक कोटी ओहमचे असतात, म्हणून ते कमी ढवळतात. पण अजिबात न ढवळता मापणारे मीटर अजून कोणी बनविलेले नाही.

हेतू कळत नाही यावरून एक प्रसंग सांगतो. तळेगावचे औद्योगिक क्षेत्र आंबी, नवलाख उंब्रे या बाजूला आले आणि येथील जमिनीला पूर्वी कोणी ऐकला नव्हता असा भाव आला. जेथे भाव येतो तेथे वाटणीचे वादही येतात. अशाच एका घरातील वडीलधारे गृहस्थ, आम्ही त्यांना अण्णा म्हणू, काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. “सर, मी वकिलाशी फोनवर जे बोलतो ते दुसऱ्या दिवशी धाकट्याला ठाऊक असतं. फोनमध्ये खटखट पण होती. बघा बरं काय लावलंय का,” असे ते म्हणाले. मी मीटर घेऊन गेलो. रिसीव्हर उचललेला असताना दाब आठ व्होल्टच्या वर होता, अगदी जसा असावा तसा. खटखट कोठून येते तेही लवकरच सापडले. पडवीतील जोडपेटीत मुंग्यांनी घर केले होते आणि स्क्रू हिरवे पडले होते. अण्णांचे मात्र समाधान होईना. मग मी त्यांना त्यांच्या बहिणीला फोन लावायला सांगितले आणि काट्यावर नजर ठेवून बसलो. बोलणे सुरू होऊन दोन-तीन मिनिटे झाली असतील, काटा एकदम पाच व्होल्टच्याही खाली आला. थोड्या वेळाने परत वर गेला.

हिशेब करून पाहा. २०० ओहमचे दोन टेलिफोन समांतर जोडले की १०० ओहम होतात. एकूण १०२०, प्रवाह ४७ मिलिअँपिअर, दाब ४.७ व्होल्ट. याचा अर्थ त्याच तारेवर कोठेतरी दुसरा रिसीव्हर उचलला गेला होता. आम्ही तारेच्या मागे गेलो. जोडपेटीतून निघालेली एक जुनी तार कौलांखालून, मधल्या नव्या भिंतीच्या वरून, पलीकडच्या घरात गेली होती. घर एकत्र होते तेव्हा वडिलांनी आतल्या खोलीत दुसरा टेलिफोन घेतला होता. पुढे वाटणी झाली, भिंत झाली, पण तारेची वाटणी करायची राहून गेली होती. कसले यंत्र नाही आणि कसले कारस्थान नाही, होते ते एक साधे एक्स्टेन्शन.

अण्णांनी मला विचारले, “म्हणजे ऐकत होता ना तो?” मी म्हणालो, रिसीव्हर उचलला गेला एवढे मीटर सांगते. कोणी उचलला, फोन करायचा म्हणून उचलला की ऐकायचे म्हणून, हे मीटर सांगत नाही. त्यांनी ती तार त्याच दिवशी काढायला लावली. धाकट्याला त्यांनी काही विचारले की नाही, हे मी विचारले नाही.

त्या घरात खटखटीचा आणि ऐकण्याचा काही संबंध नव्हता हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. फोनमध्ये खरखर, खटखट किंवा गुणगुण ऐकू आली की कोणी टॅप करीत आहे असा समज फार रूढ आहे. वस्तुतः सैल स्क्रू, गंजलेला सांधा, ओली केबल किंवा शेजारून गेलेली विजेची तार हीच त्याची नेहमीची कारणे. मध्येच परक्या माणसांचे बोलणे ऐकू येणे, ज्याला आपण ‘क्रॉस कनेक्शन’ म्हणतो, तेही बहुधा शेजारच्या तारांमधील धारकतेमुळे किंवा ओलीने झालेल्या गळतीमुळे घडते. ज्याला चोरून ऐकायचे असते तो खटखट होऊ देत नाही. आवाज आला म्हणजे संशय वाढवावा, असे निदान भौतिकी तरी सांगत नाही.

तर मग जाणकार मंडळी तपासणी करतात ती कशी? ते प्रथम डोळे आणि स्क्रूड्रायव्हर वापरतात, मीटर नंतर. टेलिफोन उघडायचा, तशाच दुसऱ्या चांगल्या टेलिफोनशी ताडून पाहायचा आणि जास्तीचा भाग दिसतो का हे बघायचे. मग भिंतीवरच्या पेटीपासून खांबापर्यंत तार हाताने तपासायची. हे काम कंटाळवाणे असते आणि सर्वांत जास्त फळ देणारेही तेच असते.

त्यानंतर रिसीव्हर ठेवण्याच्या जागेखालचा स्विच पाहतात. काही चोरयंत्रे या स्विचला वळसा घालतात, त्यामुळे रिसीव्हर खाली ठेवला तरी त्यातला ध्वनिग्राहक जागा राहतो आणि टेलिफोन खोलीतले बोलणे बाहेर पाठवू लागतो. याची परीक्षा सोपी आहे. रिसीव्हर खाली ठेवून तारेवर कंडेन्सरमार्फत एक ध्वनिवर्धक जोडतात आणि खोलीत टाळी वाजवतात. निरोगी टेलिफोनच्या तारेवर टाळी ऐकू येता कामा नये.

रेडिओलहरी सोडणारे यंत्र असेल तर ते सापडण्याची शक्यता सर्वांत अधिक, कारण ते आपली ऊर्जा चहूकडे उधळत असते. रिसीव्हर उचलून डायल टोन चालू ठेवायचा आणि जवळ एक रेडिओ घेऊन सर्व पट्टे सावकाश फिरवायचे. रेडिओतून तोच डायल टोन ऐकू आला तर शंकेला जागाच उरत नाही. कधी रेडिओ रिसीव्हरजवळ नेताच कर्कश शिट्टी वाजते. सभेत ध्वनिक्षेपकाचा माइक कर्ण्यासमोर गेला की वाजते, तीच ही शिट्टी. रेडिओतला आवाज रिसीव्हरमध्ये शिरतो, तेथून पुन्हा रेडिओत, आणि प्रत्येक फेरीला तो वाढत जातो.

पण शिट्टी वाजली नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही. १९४५ साली सोव्हिएत मुलांनी मॉस्कोतील अमेरिकी राजदूतांना लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लागली आणि १९५२ पर्यंत लागलेलीच राहिली. तिच्या आत लेव्ह तेर्मेन या भौतिकीतज्ज्ञाने रचलेले एक यंत्र होते. धातूची एक छोटी पोकळी, एक पातळ पडदा आणि एक अँटेना. बॅटरी नाही, तार नाही. बाहेरून रेडिओलहरींचा झोत टाकला की आवाजाने थरथरणारा पडदा त्या लहरी बदलून परत पाठवी. झोत बंद, की ते यंत्र म्हणजे मुका लाकडी शोभेचा तुकडा. मापायला काही नव्हतेच. (हेच तेर्मेन हात न लावता वाजविण्याच्या वाद्याचे जनक. त्या वाद्याला त्यांच्याच नावावरून ‘थेरेमिन’ म्हणतात.)

लांबच्या तारेसाठी प्रतिध्वनीची पद्धत आहे. लोहगडासमोर उभे राहून हाक मारली आणि प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला, तर कडा सुमारे ३४० मीटर दूर आहे हे तुम्ही सांगाल. तसेच तारेत विजेचा एक अतिशय अल्पकाळ टिकणारा स्पंद सोडतात. तारेत तो सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. वाटेत कोठे रोधाची घडी बिघडलेली असली, सांधा असला, फाटा फुटलेला असला, की स्पंदाचा काही भाग तेथून परत फिरतो. तो १० मायक्रोसेकंदांनी परत आला, तर ती जागा एक किलोमीटरवर आहे. केबलमधील बिघाडाची जागा रस्ता न खणता शोधण्यासाठी टेलिफोन खात्याने ही पद्धत भरपूर वापरली. अण्णांच्या घरातील जुना फाटासुद्धा यात दिसला असता. अडचण एवढीच, की प्रामाणिक सांधाही प्रतिध्वनी देतो आणि अप्रामाणिकही. म्हणून तार चांगली असतानाचा आलेख आधीच काढून ठेवावा लागतो आणि नवा त्याशी जुळवून पाहावा लागतो.

आता मलकानींच्या प्रश्नाकडे वळू. त्यांच्या तारेतील स्थिर प्रवाह त्यांच्या एक्स्चेंजपासून निघून त्यांच्या टेलिफोनमधून परत तेथेच जात होता. डॉक्टरांच्या तारेचा प्रवाह निराळा. एक्स्चेंजमध्ये या दोन मंडलांच्या मध्ये कंडेन्सर किंवा रोहित्र असते. त्यातून आवाजाच्या लाटा पलीकडे जातात, स्थिर प्रवाह जात नाही. डॉक्टरांच्या बाजूला काहीही जोडले, तरी मलकानींच्या बाजूच्या मीटरचा काटा हलला नसता. आवाज किंचित मंद झाला असेल-नसेल, पण मुंबईच्या ऑक्टोबरात त्याला दहा कारणे असू शकतात. तेव्हा उत्तर: नाही, समजले नसते.

एक्स्चेंजमध्येच कोणी ऐकत असेल तर हेच लागू होते. पूर्वी हातांनी जोडणी करणाऱ्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरला ट्रंक कॉल ऐकणे सहज शक्य होते. पुढे अंकीय एक्स्चेंज आले. त्यात आवाजाची सेकंदाला ८,००० वेळा मोजदाद होते आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहिले जाते, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. आकड्यांची नक्कल काढायला तुमच्या तारेतली ऊर्जा घ्यावी लागतच नाही. एका वहीवरून दुसरी वही उतरविली म्हणून पहिलीतली शाई कमी होत नाही. आज घरोघरी तांब्याच्या जागी काचतंतू आले आणि हातात मोबाइल आले. तेथे तर मोजायला ती ४८ व्होल्टची तारही उरली नाही. मोबाइलमध्ये कोणी ऐकणारी प्रणाली घुसविली असेल तर तो शोध व्होल्टमीटरचा नव्हे, संगणकतज्ज्ञांचा.

मीटर जेथे पोहोचत नाही तेथे नियम लागतो. १८८५ च्या तार अधिनियमाने सरकारला काही कारणांसाठी संदेश अडविण्याचा अधिकार दिला होता, पण तो कसा वापरायचा याची पद्धत शंभर वर्षे नीट ठरलेलीच नव्हती. १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घालून दिली. आदेश गृहसचिवांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच द्यावा, तो दोन महिने चालावा, वाढवून सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि एका समितीने तो तपासावा. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली डिसेंबर २०२४ मध्ये जे नवे नियम आले त्यांतही हीच मुदत आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याचा संदेश अडविणाऱ्यास त्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मलकानी खटल्याच्या शेजारी मुंबईचाच आणखी एक निकाल ठेवून पाहावा. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन सरकारी आदेश रद्द केले आणि केलेले ध्वनिमुद्रण नष्ट करण्यास सांगितले. आरोप तेथेही लाचेचाच होता. पण पहिल्या खटल्यात बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती. दुसऱ्यात कोणाचीच नव्हती, आणि सार्वजनिक सुरक्षिततेचे जे कारण कायद्याला लागते ते न्यायालयाला दिसले नाही. तारेत दोन्ही वेळा तेच विद्युत्‌कण हलले होते.

यातील बराच भाग शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहता येतो. मात्र चालू टेलिफोनच्या तारेला हात लावू नका. घंटी वाजते तेव्हा तारेवर साधारण ७५ व्होल्टचा उलटसुलट दाब येतो, तो चांगलाच झटका देतो. शिवाय ती तार तुमची नव्हे. त्याऐवजी भंगारातून तीन जुने टेलिफोन मिळवा. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, ३३० ओहमचा एक रोध आणि दोन टेलिफोन हे सर्व एकसर जोडा. दोन्ही रिसीव्हर उचला, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलता येईल. पहिल्या टेलिफोनवरील दाब लिहून ठेवा. आता तिसरा टेलिफोन त्याला समांतर जोडून उचला आणि दाब पुन्हा वाचा. मग तिसरा काढून टाका, त्या जागी दहा लाख ओहमचा रोध लावा आणि वाचा. शेवटी काहीच न जोडता, जुन्या रिलेतील बारीक तारेचे वेटोळे ध्वनिवर्धकाला लावून रिसीव्हरच्या कानाच्या बाजूपाशी धरा. पलीकडच्या खोलीतील मित्राला काहीतरी वाचायला सांगा. कर्ण्यातून त्याचे वाचन ऐकू येत असताना मीटरवरचा आकडा किती बदलतो, तो चौथ्या ओळीत लिहा.